खासगी शिडाची बोट फी घेऊन शिकवायला वापरायची आहे: गोसीखुर्दच्या फुगवट्यासाठी सर्व्हे, नोंदणी, परवानगी कशी?

पवनीकाठ

नमस्कार मंडळी. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याकाठी (धरणामागे पसरलेल्या पाण्याकाठी) शिडाची बोट शिकवण्याचं छोटं केंद्र काढायचं आहे. बोट हाताशी आहे, पण आजवर ती निव्वळ खासगी वापरातली, समुद्रावरची. आता फी घेऊन विद्यार्थी बसवायचे म्हणजे नियम बदलतात, एवढं कळतं. नेमकं कुठून सुरू करायचं तेच विचारून राहिलो.

बोटीची माहिती: फायबर, १९९८ची बांधणी, लांबी ६.४ मीटर, रुंदी २.४ मीटर. कील, म्हणजे तळाखालची उभी पात, वर-खाली होणारी. वर घेतली की ०.३५ मीटर पाण्यात चालते, खाली सोडली की १.३ मीटर लागतं. माहितीपत्रकावर वजन ९५० किलो, त्यात २८० किलो बॅलास्ट (बोट सरळ ठेवणारं तळाचं वजन). पाण्यापासून मास्टचं (डोलकाठीचं) टोक ९.४ मीटर. मागे ६ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. बांधणाऱ्या यार्डचं प्रमाणपत्र नाही, नकाशे नाहीत, फक्त खरेदीची कागदं आहेत.

विचार असा की एक प्रशिक्षक आणि पाच विद्यार्थी बसवावे. आधी कागद करायचे की आधी बोट नीट करायची? सर्व्हेयर काय पाहतो? आणि बोट कुठं दाखवायची? इथून समुद्र फार लांब आहे.

बोर्डवही

पवनीकाठ, आधी एक गोष्ट पक्की करा. प्रमाणपत्र एकट्या बोटीला मिळत नाही. अमुक बोट, अमुक पाण्यात, अमुक कामासाठी, इतकी माणसं घेऊन, असं सगळं मिळून ते लिहिलेलं असतं. म्हणून पाणी न ठरवता सर्व्हे मागितला तर सर्व्हेयर पहिलाच प्रश्न विचारतो, "चालवणार कुठं?" आणि फाइल तिथंच थांबते.

तुमच्या बोटीला इंजिन आहे. म्हणजे अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू होतो. जुना १९१७चा कायदा जाऊन हा ७ जून २०२२पासून अमलात आला. महाराष्ट्रात याची नोंदणी आणि सर्वेक्षण महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं. कागद दोन आणि वेगवेगळे: सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र. आधीची काही नोंदणी असेल तर त्यावर वापराचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. "खासगी" असेल तर त्या नोंदणीवर एकाही विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नका. वापर बदलण्याचा अर्ज आणि नवा सर्व्हे दोन्ही लागेल.

नकाशे नाहीत ही तुमची खरी अडचण आहे, बोटीचं वय नाही. त्यासाठी नेव्हल आर्किटेक्ट धरा. तो बोट मोजून "जशी आहे तशी" नकाशे काढतो: सर्वसाधारण मांडणी, हलच्या (बोटीच्या मुख्य कवचाच्या) रेषा, शिडांचा नकाशा, कील आणि तिचा पिव्होट (ज्यावर ती फिरते ती जागा), इंधन आणि विजेची मांडणी, सुरक्षा साहित्य कुठं ठेवलंय त्याचा तक्ता. याला जोडून स्थैर्याचं पुस्तक, म्हणजे बोट किती कलते आणि परत उभी राहते याचा हिशोब. बोट ओळखीची, जगभर चालणारी मालिका असेल तर त्या वर्गाच्या संघटनेकडून मूळ मोजमापं मिळतात का ते आधी बघा, अर्धं काम वाचतं. हलवर कोरलेला क्रमांक सापडला तर त्याचा स्पष्ट फोटो फाइलमध्ये घाला.

पाण्याचं वर्गीकरण लाटेच्या उंचीवर आहे. झोन ३ म्हणजे लाट ०.६ मीटरपर्यंत, झोन २ म्हणजे १.२, झोन १ म्हणजे २ मीटर. कोणतं पाणी कोणत्या झोनमध्ये ते सरकार ठरवतं, पण आकडेमोड तुम्हीही करून ठेवा. मोकळं पाणी ५ किलोमीटर आणि वारा ताशी ३६ किलोमीटर असेल तर लाट साधारण ०.३५ मीटरची उठते. तेच मोकळं पाणी १० किलोमीटर आणि वावधानात वारा ताशी ५४ झाला तर ती पाऊण मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एरवी तळ्यासारखं दिसणारं पाणी मे महिन्याच्या एका संध्याकाळी झोन ३च्या बाहेर जाऊ शकतं. म्हणून अर्जात "संपूर्ण जलाशय" असं लिहू नका. नकाशावर हद्द आखून द्या, शक्यतो जिथं कुठल्याही दिशेनं मोकळं पाणी ४-५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही अशी, आणि वाऱ्याची मर्यादा स्वतःच लिहून द्या. मोठी हद्द मागून अटी अंगावर घेण्यापेक्षा छोटी हद्द मागावी.

बोट समुद्रावर न्यायची गरज नाही. सर्व्हेयर तुमच्याकडे येतो, त्याचा प्रवासखर्च तुमच्याकडे. पण एका खेपेत काम व्हायचं असेल तर पाण्याबाहेरची तपासणी आणि पाण्यावरची चाचणी लागोपाठच्या दोन दिवसांत बसवा. पहिल्या दिवशी बोट ट्रेलरवर, कील पूर्ण खाली येईल इतकी उंच टेकवलेली, आतली फळ्यांची तळजमीन काढलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर. सामान खोक्यात आणि लाइफजॅकेट घरी, अशी अवस्था असली की दुसरी खेप ठरलेली.

आणि हो, तपासणी होईपर्यंत हलला नवा रंग देऊ नका. ताज्या रंगाखाली काय आहे हे कुणालाच दिसत नाही, मग सर्व्हेयर रंग खरवडायला लावतो.

जेलकोट

बोर्डवहींचं रंगाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. हलबद्दल माझ्याकडून.

समुद्रातून गोड्या पाण्यात आलेली जुनी फायबर बोट ऑस्मोसिसला जास्त लवकर बळी पडते. पाणी जेलकोटमधून (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) आत झिरपतं आणि आतल्या न जुळलेल्या रसायनांत मिसळून फोड आणतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त जोरानं आत ओढलं जातं, आणि आपल्याकडचं उन्हाळ्यातलं कोमट पाणी ती क्रिया आणखी वाढवतं. बोट बाहेर काढल्या काढल्या, ओली असतानाच तिरप्या उजेडात तळ पाहा. फोड वाळले की बसतात आणि दिसत नाहीत. एखादा फोडून पाहिला आणि आतून व्हिनेगरसारखा आंबट वास, बोटाला चिकट लागलं, तर ऑस्मोसिस. दहा-वीस सुटे फोड असतील तर घासून, धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीनं भरता येतात. सगळा तळ पुरळ आल्यासारखा असेल तर जेलकोट सोलून इपॉक्सीचे ४-५ हात द्यावे लागतात. त्याआधी हल महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. आपल्याकडे मार्च ते मे हे काम छान होतं, पावसाळ्यात हात लावू नका.

प्लॅस्टिकच्या हातोडीनं सगळा हल आणि डेक हळूहळू ठोकत जा. खणखणीत आवाज ठीक. भद्द आवाज आला तिथं खडूनं गोल करा. डेकमध्ये बाल्सा किंवा प्लायचा गाभा असतो. कठड्याच्या खांबांचे, विंचचे (दोर ओढायच्या चक्रीचे) बोल्ट जिथून आत जातात तिथून पाणी शिरून तो कुजतो. प्रशिक्षणाच्या बोटीत नेमकं याच जागी नवखी माणसं धरून लोंबकळतात. कुजलेला गाभा काढून ती जागा इपॉक्सी आणि फायबरनं भरीव करायची, मगच बोल्ट, आणि खाली किमान ५ मिलिमीटर जाडीची बॅकिंग प्लेट.

सगळ्यात जास्त वेळ कीलला द्या. वर-खाली होणाऱ्या कीलचा पिव्होट बोल्ट आणि त्याचं भोक झिजतं. कील अर्धी वर घेऊन तिचं टोक डाव्या-उजव्या बाजूला हलवून बघा. थोडा खडखडाट सगळ्यांतच असतो, पण बोल्ट बाहेर काढून व्हर्निअरनं मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही. बोल्टच्या मधल्या भागात पायरी पडली असेल तर नवा घाला. कील उचलणारी वायर, तिची विंच, आणि खाली असताना कील जागेवर धरणारा लॉक हे तिन्ही चालू हवं. बोट आडवी झाली आणि लॉक नसेल तर कील आत परत जाते, आणि तुमचे २८० किलो नेमके हवे तेव्हा कामाचे राहत नाहीत.

मास्ट ताणून धरणाऱ्या स्टेनलेसच्या वायरी (स्टे) वरून चकचकीत दिसतात, पण आत सडलेल्या असू शकतात, विशेषतः समुद्रावर राहिलेल्या. टर्मिनलमध्ये जिथं वायर शिरते तिथं तांबूस रेघ किंवा एकही तुटलेला तार दिसला तर ती स्टे बाद. वायर केव्हा बदलली याची पावती नसेल तर दहा वर्षं झालीत असं धरून सगळ्या बदला. या मापाच्या बोटीला बहुधा ४ मिलिमीटरची १×१९ विणीची वायर असते, पण असलेली मोजूनच मागवा. चेनप्लेट (स्टे बोटीला जिथं अडकवतात ती पट्टी) एकदा बाहेर काढून बघाच. डेकमधून जाणारा, कधी न दिसणारा तुकडाच तिथं खाल्लेला असतो.

एक गोष्ट समुद्रावरून आलेली माणसं हमखास विसरतात. आउटबोर्डवरचे जस्ताचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) गोड्या पाण्यात निकामी होतात, त्यांच्यावर थर बसतो. इथं मॅग्नेशियमचे लावा.

कॉकपिटचं पाणी आपोआप जाणारी भोकं पूर्ण भारानिशी तपासा. रिकाम्या बोटीत ती पाण्याच्या वर असतात. पाच-सहा माणसं बसली की खाली जातात आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं. सर्व्हेयर ही चाचणी घेतोच.

पवनीकाठ

खूप आभार दोघांचेही. दोन शंका. एक, आउटबोर्डच काढून टाकलं तर या कायद्यातून सुटका होते का? काही जण तसं सुचवून राहिले. दोन, बोटीचं खरं वजन कसं काढायचं? माहितीपत्रकावरचं ९५० चालेल का?

बोर्डवही

इंजिन काढलं की बोट "यांत्रिक शक्तीवर चालणारी" राहत नाही, हे खरं. पण त्यानं सुटका होत नाही. बिनइंजिनाच्या होड्यांसाठीही त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे आणि त्यांची नोंद कशी करायची हे राज्याच्या हातात आहे. शिवाय वारा पडला की एक टनाची बोट काठावर आणणार कशी? सोबत इंजिनाची सेफ्टी बोट ठेवावी लागेल, आणि ती यांत्रिक असल्यानं तिचा सर्व्हे, तिची नोंदणी, तिचा विमा आलाच. इंजिन ठेवा. लहान डिंग्यांचा (छोट्या उघड्या होड्यांचा) ताफा असता तर मी उलट सांगितलं असतं.

वजन माहितीपत्रकावरचं धरू नका. इतक्या वर्षांत ओला गाभा, रंगाचे थर, जास्तीचं सामान मिळून वजन चांगलंच वाढलेलं असतं. जवळच्या धानाच्या गिरणीचा धरमकाटा चालतो, ट्रेलरसकट आणि मग रिकामा ट्रेलर असं दोनदा. मोठ्या काट्याची पायरी १० किलोची असते, तेवढी चूक धरायची. हायड्रा क्रेननं उचलणार असालच तर हुकात वजन मोजणारा लोडसेल लावून घ्या, जास्त नेमकं. पावती जपा, ती स्थैर्याच्या पुस्तकाला जोडतात.

वाराखूण

सगळं वाचलं. माझा आक्षेप माणसांच्या संख्येवर आहे. सहा माणसं या बोटीत बसतील, पण शिकणार नाहीत, आणि सुरक्षित तर मुळीच नाहीत. आकड्यांत सांगते.

स्थैर्याची चाचणी तुम्हाला समजून घ्यायलाच हवी, नुसती करून घेऊ नका. पहाटे, वारा शून्य असताना, कील खाली. बोट, सामान आणि आत बसलेली दोन माणसं मिळून समजा १,१०० किलो. मास्टला दीड मीटर लांबीचा ओळंबा टांगायचा, खाली बादलीत पाणी, म्हणजे तो डोलत राहत नाही. २० किलोची दोन वजनं बोटीच्या एका काठावरून १.६ मीटर दूर दुसऱ्या काठावर सरकवायची. आतल्या माणसांनी जागा सोडायची नाही. ओळंबा १२० मिलिमीटर सरकला असं धरा. तर ४० गुणिले १.६ म्हणजे ६४. त्याला १,१०० गुणिले ०.०८, म्हणजे ८८नं भागा. ०.७३ मीटर. हे तुमचं जीएम, बोट सरळ उभी राहण्याची ताकद. डावीकडे-उजवीकडे मिळून चार वेळा वाचन घ्या, एकाच वाचनावर विश्वास ठेवू नका. आणि कील वर घेऊनही एकदा मोजा, कारण उथळ काठाशी विद्यार्थी चढतात-उतरतात तेव्हा कील वरच असते.

आता माणसं. सर्व्हेसाठी एक माणूस ७५ किलो धरतात. प्रशिक्षक आणि चार विद्यार्थी म्हणजे ३७५ किलो. माणसं वर बसतात म्हणून जीएम कमी होऊन समजा ०.६५ झालं आणि एकूण वजन १,३२५. सगळे घाबरून एकाच बाजूला, मध्यरेषेपासून ०.८ मीटरवर आले, तर बोट सुमारे १९ अंश कलते. शीड न उघडता, वारा नसताना. यात वाऱ्याची झुळूक मिळवा. तुम्ही तर आणखी एक माणूस म्हणताय. माझं मत स्पष्ट आहे: प्रशिक्षक आणि तीन विद्यार्थी. एक सुकाणूवर, दोन शिडांच्या दोऱ्यांवर, प्रशिक्षकाचे हात मोकळे. पाचवा माणूस फक्त प्रवासी होतो. पुस्तकात पाचची चाचणी पास झाली तरी रोजच्या वर्गाला चारच न्या.

नेव्हल आर्किटेक्टला आयएसओ १२२१७ या बोटींच्या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार हिशोब करायला सांगा, तो ६ मीटर आणि त्यावरच्या शिडाच्या बोटींचा आहे. त्यात बोटींचे ए ते डी असे वर्ग आहेत, डी सगळ्यात शांत पाण्यासाठी. सी वर्गासाठी स्थैर्याचा निर्देशांक किमान १४ आणि आडवी होऊनही परत उभी राहण्याची हद्द किमान ९० अंश लागते. डी वर्गाला ५ आणि ७५ अंश पुरतात. पाणी शांत असलं तरी सीचा आग्रह धरा. आपल्याकडचा वळवाचा वारा डी वर्गाच्या हिशोबात बसत नाही. सीला बोट पुरी पडत नसेल तर शीड कमी करणं, बॅलास्ट पक्का करणं असे उपाय तोच सुचवेल.

मेनसेलला (मुख्य शिडाला) दोन रीफ (वारा वाढला की शीड आखूड करायच्या जागा) शिवून घ्या. सर्व्हेयरला दाखवायला आणि शिकवायलाही. नवख्यांना घेऊन वारा १२ नॉटला गेला की पहिला रीफ, १६ नॉट म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटरला वर्ग बंद. हातातला वारामापक बोटीवर ठेवा, अंदाजावर नको.

लाइफजॅकेट सगळ्यांना, चढण्याआधी काठावरच घातलेले. प्रशिक्षण घेणाऱ्या पोहता येणाऱ्या प्रौढाला ५० न्यूटनचा बॉयन्सी एड हालचालीला सोपा असतो, पण इथं येणाऱ्या बहुतेकांना पोहता येत नाही असंच धरा आणि १०० न्यूटनचे घ्या, तोंड वर ठेवणारे. मुलांसाठी मुलांच्याच मापाचे, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासह. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. उन्हात पडलेल्या जॅकेटचा फोम आकसतो आणि कापड जळतं. सावलीत टांगा, वर्षातून एकदा पाण्यात वजन लावून तपासा आणि तारखेसह वहीत लिहा. ती वही सर्व्हेयर मागतो.

बाकी बोटीवर: दोन लाइफबॉय, एकाला ३० मीटर तरंगता दोर. फेकायची दोराची पिशवी. ८ किलोचा नांगर, १० मीटर साखळी, ३० मीटर दोर. फुगवट्यात बुडालेली झाडं आहेत, म्हणून नांगराच्या डोक्याला उलटी ओढायची वेगळी दोरी बांधा, नाहीतर नांगर तिथंच राहतो. बादली, हातपंप, टाकीजवळ २ किलोचा पावडरचा अग्निशामक, प्रथमोपचार, शिट्ट्या, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत मोबाइल. इंजिनाची किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या अंगाला. पाण्यातून वर चढायची शिडी हवीच, जड झालेल्या माणसाला हातानं ओढून घेणं दोघांनाही जमत नाही.

प्रशिक्षकाकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाचं किंवा ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचं (आरवायए) शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं. स्वतः चांगली बोट चालवता येणं वेगळं. इंजिन चालवणं आणि जीव वाचवणं यांसाठी गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे छोटे अभ्यासक्रम आहेत. काठावरच्या मदतनीसालाही पाठवा.

धरणकाठ

पवनीकाठ भाऊ, बोट होईल, पण पाण्याची परवानगी नसेल तर ती अंगणात उभी राहील. म्हणून हे काम सगळ्यात आधी.

गोसीखुर्द विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. अर्ज कार्यकारी अभियंत्याकडे, सोबत नकाशा. त्यावर तुमची हद्द, उतरण्याची जागा, भिंतीपासून आणि सांडव्यापासूनचं अंतर दाखवा. ते जेवढं सांगतील त्याच्या बाहेरच बोया (तरंगत्या खुणा) टाकायच्या. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे, पण उन्हाळ्यात पाणी मागे जातं. ऑक्टोबरमध्ये तुमची जी हद्द पाण्यानं भरलेली असते ती मे महिन्यात चिखल आणि खुंट असते. म्हणून दोन नकाशे द्या, भरलेल्या आणि उतरलेल्या पातळीचे. बुडीत गावांच्या विहिरी, भिंती, उभी वाळलेली झाडं कुठं आहेत ते गावातल्या ढिवर (मासेमार) लोकांइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्यासोबत डोंग्यातून एकदा सगळी हद्द फिरा आणि प्रत्येक धोक्याचं जीपीएस टिपून घ्या. तीच यादी पुढं सर्व्हेच्या फाइललाही लागते.

मच्छीमार सहकारी संस्थेचं ना-हरकत पत्र घ्या. कागदाला लागो न लागो, घ्याच. १.३ मीटरची कील जाळ्यातून गेली तर जाळं फाटतं, रडर (सुकाणूचं पातं) अडकतं, आणि भांडण वर्षभर चालतं. जाळी टाकायच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घ्या आणि वर्ग त्या वेळा सोडून ठेवा. जलपर्णीचे पुंजके वाऱ्याबरोबर सरकतात, आज मोकळी असलेली वाट उद्या बंद होते. रडर वर उचलता येणारं असेल तर बरं.

साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१मध्ये आलं. पैसे घेऊन पाण्यावरचे उपक्रम चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंद करावी लागते, आधी तात्पुरती, मग पक्की. काठ अभयारण्याला लागून असेल, तर वनविभागाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. उमरेड-पवनी-कऱ्हांडला तुमच्या शेजारीच आहे. ग्रामपंचायत, तहसील आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. २०१७ला वेणा जलाशयात, २०२१ला वर्धा नदीत झुंजजवळ आणि २०२४ला वैनगंगेत गणपूरजवळ बोटी उलटून माणसं गेली आहेत. त्यामुळे अधिकारी बारीक विचारतात, आणि त्यांनी विचारावंच.

आता जी गोष्ट वर कुणी लिहिली नाही ती, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी: विजेच्या तारा. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. तुमच्या मास्टचं टोक पाण्यापासून ९.४ मीटर, आणि बोट ट्रेलरवर असताना त्याहून वर. म्हणजे कायद्याप्रमाणे बरोबर असलेली तारही तुमच्या मास्टला लागते. काठावर पंपांच्या लाइनी सगळीकडे आहेत, काही लोंबलेल्या. अॅल्युमिनियमचा मास्ट, स्टेनलेसच्या स्टे आणि ओली माणसं. मास्ट उभा करायची जागा अशी निवडा की चहूबाजूंनी ३० मीटरमध्ये एकही तार नाही, आणि एकदा उभा केला की बोट तिथून थेट पाण्यातच जाईल, रस्त्यावर पुन्हा येणार नाही. फुगवटा ओलांडणारी लाइन हद्दीत येत असेल तर महावितरणकडून तिची पूर्ण पातळीवरची उंची लेखी मागा. पाणी चढतं तशी तारेखालची जागा कमी होते. मार्चमध्ये मोजलेलं अंतर ऑक्टोबरमध्ये राहत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे अशी लाइन हद्दीच्या बाहेरच ठेवा आणि दोन्ही बाजूंना लाल बोया टाका.

उतरण्याच्या जागेबद्दल: काळ्या मातीत भरलेला ट्रेलर रुततो. मुरूम आणि दगडाची पक्की उतरण करा, चढ साधारण १ : ८. काँक्रीट करायची तर महामंडळाची वेगळी परवानगी लागेल, म्हणून उचलता येणारे काँक्रीटचे पट्टे किंवा जाड लोखंडी जाळ्या बऱ्या.

विमापान

दोनच मुद्दे. तुमचा सध्याचा विमा बहुधा खासगी आनंदवापराचा असेल. त्यात भाड्यानं किंवा मोबदल्यानं वापर केला तर भरपाई नाही असं कलम असतं. फी घेतलेल्या पहिल्याच दिवशी तो निकामी. नव्या पॉलिसीत "शुल्क घेऊन प्रशिक्षण" हे शब्द छापून यायला हवे, एजंटच्या तोंडी शब्दावर नको. बोट, तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी, बोटीवरच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी, प्रशिक्षकाचा अपघात, चारही गोष्टी. ट्रेलर रस्त्यावर असतानाचं नुकसान वेगळं, ते मोटारीच्या बाजूनं बघा, आणि ट्रेलरची आरटीओ नोंद आहे का तेही.

पॉलिसीतली हद्द आणि माणसांची संख्या सर्वेक्षण प्रमाणपत्राशी शब्दशः जुळली पाहिजे. प्रमाणपत्रावर चार आणि बोटीत पाच असले की दावा गेला. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीही लागतो, दर हिशोबात धरून फी ठरवा.

पवनीकाठ

चार माणसं हे मान्य जी. उद्यापासून मास्ट उभा करायची जागा आणि तारा बघायला सुरुवात करतो. शेवटचं एक: पाण्यावरची चाचणी कोणत्या महिन्यात ठेवावी?

वाराखूण

डिसेंबर-जानेवारी. पातळी चांगली असते, पहाटे वारा जवळजवळ नसतो, म्हणजे ओळंबा स्थिर राहतो. धुकं असलं तर नऊपर्यंत थांबा. शीड उघडून चालवायची चाचणी त्याच दिवशी दुपारी, वारा आला की. एप्रिलपासून पुढं दुपारी चारनंतर काहीच ठेवू नका. दामिनी ॲप आणि नागपूर हवामान केंद्राचा पुढच्या काही तासांचा इशारा बघत राहा, आणि पहिला गडगडाट ऐकू आला की बोट काठाला, माणसं मास्टपासून दूर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही. हे कामकाजाच्या लेखी नियमांत लिहा आणि ते पान सर्व्हेयरला द्या.

बोर्डवही

आणि त्याच पानावर काठावरच्या मदतनीसाची नोंदवही जोडा: बोट किती वाजता गेली, आत कोण, परत किती वाजता येणार, अर्धा तास उशीर झाला तर कुणाला फोन करायचा. सर्व्हेयरला बोलावण्याआधी नेव्हल आर्किटेक्टची पहिली भेट करून घ्या, नोव्हेंबरच्या आत. स्थैर्याचं पुस्तक तयार नसेल तर डिसेंबरची तारीख मागू नका.